बूचपट्टी

मावसबहिणीचा फोन आला तेव्हा माझी कॅब चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या सिग्नलला उभी होती. इथल्या ओएमआर रस्त्यावर मेट्रोचं काम निघाल्यापासून या सिग्नलला उभं राहणं हा आमचा नित्यनेम झालाय, त्यामुळे नातेवाइकांचे लांबणारे फोन मी खास इथल्यासाठी राखून ठेवतो. ताई ह्यूस्टनला असते. गॅल्व्हस्टनहून सुटणाऱ्या क्रूझवर सहकुटुंब जाऊन आली होती आणि समुद्र, सूर्यास्त, पोरांची मजा हे सगळं बाजूला ठेवून तिला एकच गोष्ट सांगायची होती.

‘‘अरे, बाटली आमची. पैसे आमचे. बॅगेतून वागवत नेली आम्ही. खोलीत बसून प्यायलो तर फुकट, आणि तीच जेवणाच्या हॉलमध्ये नेली तर पंधरा डॉलर! कशाचे, तर म्हणे बूच काढल्याचे.’’

‘‘मग बूच तूच काढायचंस ना, ताई.’’

‘‘बूच होतं कुठे? नाशिकची वाइन होती. फिरकीचं झाकण!’’

सिग्नल सुटला, फोन संपला, पण माझ्या डोक्यात तो हिशेब फिरत राहिला. खोलीपासून जेवणाच्या हॉलपर्यंत फार तर दोनशे पावलं. तेवढ्यात बाटलीत असं काय बदलतं की तिची किंमत पंधरा डॉलरनी वाढावी?

इंग्रजीत या आकाराला कॉर्केज म्हणतात. आपण बूचपट्टी म्हणू. घरपट्टी, पाणीपट्टी असते तशी. (मुंबईच्या बोलीत ‘बूच लागणं’ म्हणजे काय हे वाचकांना ठाऊक आहेच, आणि ताईला नेमकं तेच म्हणायचं होतं.) अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या क्रूझ कंपन्यांचा नियम साधारण एकसारखा असतो. दर प्रौढ माणशी ७५० मिलीलिटरची एक वाइनची बाटली, तीही चढायच्या दिवशी, हातातल्या सामानातून. व्हिस्की, रम वगैरे अजिबात नाही. सामान क्ष-किरणांखालून जातं. जास्तीची बाटली निघाली तर ती काढून घेतात. माउथवॉशच्या बाटलीत रंग घातलेली व्होडका नेणारे महाभाग आहेत, आणि त्या बाटल्या ओळखणारे त्यांचे गुरूही धक्क्यावर बसलेले आहेत. आत शिरलेली कायदेशीर बाटली खोलीत उघडली तर कुणी विचारत नाही. हॉलमध्ये किंवा बारमध्ये आणली, वेटरने ग्लास मांडले, ओतून दिली, की पंधरा-वीस डॉलर.

सोपं उत्तर असं की हा धंदा आहे. क्रूझचं तिकीट वाटतं तितकं महाग नसतं, कारण खरी वसुली जहाजावर चढल्यानंतर होते. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपनीच्या एकूण उत्पन्नातला सुमारे तीस टक्के वाटा तिकिटाव्यतिरिक्तचा असतो: दारू, कसिनो, मसाज, किनाऱ्यावरच्या सहली. तुमची बाटली म्हणजे त्यांची न विकलेली बाटली. बूचपट्टी हा त्या न झालेल्या विक्रीचा हिस्सा. इथे थांबता आलं असतं. पण शोळिंगनल्लूरमध्ये राहणाऱ्या माणसाला इथे थांबता येत नाही, कारण आमच्याकडे याच्या बरोबर उलटा कारभार चालतो.

तमिळनाडूत किरकोळ दारूविक्रीची मक्तेदारी सरकारची. तमिळनाडू राज्य विपणन महामंडळ, म्हणजेच टास्मॅक, १९८३ साली स्थापन झालं आणि २००३ च्या अखेरीपासून दुकानंही तेच चालवतं. दुकानाला लोखंडी जाळी, जाळीच्या आत सरकारी माणूस, बाहेर गर्दी. कित्येक दुकानांना खेटूनच ‘बार’ असतो. इथे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सवयीने विचारलं, काय काय आहे? टेबल पुसणारा पोऱ्या माझ्याकडे बघतच राहिला. या बारमध्ये दारू विकतच नाहीत! दारू शेजारच्या खिडकीवरून आणायची, इथे नुसतं बसायचं. बारवाल्याकडे ग्लास, पाणी, सुंडल, उकडलेली अंडी. त्याला ठेका मिळतो तो दोन गोष्टींचा: खाण्याचे पदार्थ विकणं आणि रिकाम्या बाटल्या गोळा करणं. होय, रिकाम्या बाटल्या. निविदेत तसंच लिहिलेलं असतं. माझी बाटली रिकामी व्हायच्या आधीच पोऱ्याची नजर तिच्यावर होती आणि शेवटचा घोट ग्लासात पडताच त्याने ती उचलून गोणीत टाकली. काचेवर काच आपटल्याचा तो आवाज म्हणजे ठेकेदाराचं उत्पन्न.

म्हणजे बघा, जगातल्या चकाचक जहाजावर आणि आमच्या गल्लीतल्या ओल्या फरशीच्या खोलीत प्रश्न एकच: माणूस स्वतःची बाटली घेऊन चारचौघांत बसला, तर पैसे कुणी, कशाचे घ्यायचे? जहाज म्हणतं, बाटली उघडल्याचे. टास्मॅकचा बारवाला म्हणतो, बाटली संपल्यावर ती मला द्या.

चारचौघांत दारू या गोष्टीला आपल्या देशात आणखी एक वळसा आहे. चेन्नई बंदरासमोरच्या रस्त्याचं नाव राजाजी सालै. कस्टम हाउस याच रस्त्यावर. ज्यांचं नाव रस्त्याला आहे त्या राजगोपालाचारींनी मद्रास प्रांताचे प्रमुख असताना १९३७ साली सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली. तिजोरीत खड्डा पडला, तो भरायला १९३९ मध्ये विक्रीकर लावला. म्हणजे आपण साबणावर, वहीवर वर्षानुवर्षं जो विक्रीकर भरला, त्याच्या मद्रासी जन्मामागे एक न विकलेली बाटली आहे. आणि परदेशी दारूचे सीलबंद खोके ज्या दारातून जहाजांवर चढतात, त्या दाराबाहेर पाटी राजाजींच्या नावाची. हा विनोद कुणी मुद्दाम केलेला नाही, म्हणूनच तो इतका जमलाय.

आपला मुंबई इलाखा मागे नव्हता. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही नाव बदलून जिवंत आहे. महाराष्ट्रात कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि एका दिवसाचा परवाना कित्येक वर्षं ५ रुपयांचा होता, देशी दारूसाठी २ रुपयांचा. या कायद्याविरुद्ध बलसारा नावाचे एक गृहस्थ कोर्टात गेले. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर आणि चक्क कलोन वॉटर बाळगायचा हक्क त्यांना हवा होता. १९५१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात माझं लक्ष एका कलमावर अडकलं. संपूर्ण इलाखा कोरडा, पण युद्धनौका, सैनिकांची वाहतूक करणारी जहाजं आणि सैन्याच्या मेस यांना सूट देण्याची त्यात तरतूद होती, आणि न्यायालयाने ती ग्राह्य धरली. जहाज आलं की कायद्याला फट पडते, हे तिथेही.

ही फट किती मोठी होऊ शकते, ते अमेरिकेने दाखवलं. १९२० ते १९३३ तिथे देशभर दारूबंदी होती. आता अमेरिकेचा झेंडा लावून समुद्रात फिरणारं जहाज म्हणजे अमेरिका की समुद्र? १९२२ मध्ये सरकारचं मत पडलं की अमेरिकी झेंड्याखाली सगळीकडे कोरडं. ब्रिटिश जहाजांवर मात्र बार चालू. प्रवासी कुठे जाणार ते उघडच होतं. ‘रिलायन्स’ आणि ‘रेझोल्यूट’ या दोन मोठ्या अमेरिकी प्रवासी जहाजांच्या मालकांनी त्याच वर्षी झेंडा उतरवला आणि पनामाचा चढवला. जहाज तेच, मालक तेच, राष्ट्र बदललं. ग्लास भरता यावा म्हणून! १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो तर सगळ्यांवर ताण: अमेरिकी जहाजांना खोल समुद्रात बंदी लागू नाही, पण किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत परदेशी जहाजालाही दारू आणता येणार नाही, सीलबंद कुलुपात असली तरी. युरोपातून परतीच्या प्रवासाचा साठा घेऊन आलेल्या जहाजांनी करायचं काय? शेवटी १९२४ मध्ये ब्रिटनशी करार झाला. ब्रिटिश जहाजांनी दारू सील करून आत आणावी, आणि बदल्यात किनाऱ्यापासून तासाभराच्या वाटेपर्यंत अमेरिकेने त्यांची झडती घ्यावी. तासाभराच्या! म्हणजे जहाज जितकं वेगवान, तितकी देशाची झडतीची हद्द लांब. मुळातले ते तीन मैल तरी कुठून आले? जुन्या काळी किनाऱ्यावरच्या तोफेचा पल्ला जिथवर तिथवर राजाचं राज्य, या समजुतीशी ते जोडले गेले. आज बहुतेक देशांची हद्द १२ सागरी मैल, म्हणजे सव्वाबावीस किलोमीटर.

पनामाचा झेंडा मात्र टिकला. दारूबंदी गेली, ती युक्ती राहिली. आज जगातली निम्मीअधिक क्रूझ जहाजं पनामा, बहामाज अशा ठिकाणी नोंदलेली दिसतात, ती कर आणि कामगार कायद्यांमुळे.

आता चेन्नई. जून २०२२ मध्ये मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी हिरवा कंदील दाखवला आणि ‘एम्प्रेस’ नावाचं अकरा मजली जहाज इथून प्रवासी घेऊन सुटू लागलं. पुढच्या वर्षी ते श्रीलंकेलाही गेलं. आमच्या ऑफिसमधली अर्धी मंडळी विशाखापट्टणमच्या फेरीला जाऊन आली. आणि इथे माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत अद्भुत कायदा लागतो: भारताचा सीमाशुल्क कायदा, १९६२. परदेशातून आणलेला जहाजावरचा साठा, त्यात दारू आलीच, जहाज ‘परदेशगामी’ असेपर्यंत शुल्क न भरता जहाजावर वापरता येतो. परदेशगामी कोण? भारतातल्या बंदरातून भारताबाहेरच्या बंदराकडे प्रवासी किंवा माल नेणारं जहाज, वाटेत ते कुठेही थांबो. म्हणजे प्रश्न जहाज कुठे आहे हा नाहीच, ते कुठे निघालंय हा आहे. समजा, दोन जुळी जहाजं बंगालच्या उपसागरात शेजारी शेजारी चाललीत. एक विशाखापट्टणमला, एक त्रिंकोमालीला. लाटा त्याच, वारा तोच, बारमधली बाटलीही तीच. पहिल्यावर तिच्यावरचं शुल्क भरायला हवं, दुसऱ्यावर नाही. बाटलीचं दैव तिच्या पुढच्या मुक्कामावर लिहिलेलं.

आणि प्रवासाने बाटलीतला माल खरोखरच बदलतो, हेही मद्रासनेच पाहिलं. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं वाटेत अटलांटिकमधल्या मदीरा बेटावर थांबत आणि तिथल्या वाइनची पिंपं घेऊन मद्रासला येत. बंदर नव्हतंच. जहाज खोल पाण्यात नांगर टाकून उभं राही आणि पिंपं मसुला नावाच्या होड्यांमध्ये उतरवत. फळ्या काथ्याने शिवलेल्या, एकही खिळा नाही. खिळ्याची होडी इथल्या फुटत्या लाटांत तुटायची, शिवलेली नुसती वाकायची. असल्या धक्क्यांतून किनाऱ्याला लागलेली वाइन खराब व्हायला हवी होती. झालं उलटंच. विषुववृत्त ओलांडताना जहाजाच्या पोटात महिनोन्‌महिने उकडून ती जास्त चविष्ट व्हायची. मग व्यापारी काही पिंपं मुद्दाम जहाजावरच ठेवून फिरवून आणू लागले. अशा फेरी मारून आलेल्या वाइनला पोर्तुगीजमध्ये ‘विन्यो द रोदा’ म्हणत, आणि तिला भाव जास्त. पुढे बेटावरच वाइन तापवायची सोय झाली, आजही तिथे काही मदीरा टाकीत पन्नास अंशांच्या आसपास तीन महिने तापवतात. जहाजाच्या पोटातल्या उकाड्याची ही नक्कल. तेव्हा समुद्रप्रवास घडलेल्या वाइनला ग्राहक आनंदाने जास्त पैसे देत होता. ताईला हे मी सांगितलं तर ती म्हणेल, मग माझ्या बाटलीची चव कुठे बदलली?

पुढच्या फोनवर तिला मी तेवढंच सांगितलं नाही. मी विचारलं, पंधरा डॉलर देऊन मिळालं काय? ती जरा थांबली. मग म्हणाली, ‘‘चार ग्लास मिळाले, उंच दांड्याचे. सासूबाईंनी एक घोट घेतला नि तोंड वाकडं केलं. अर्धी बाटली उरली. मी म्हटलं आता खोलीत न्यावी, तर तो वेटर म्हणाला, राहू द्या. त्याने झाकण लावलं, एक चिकटपट्टी काढली, तिच्यावर पेनाने आमच्या खोलीचा नंबर घातला आणि घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही जाऊन बसलो, तर सांगायच्या आधीच बाटली टेबलावर. गार.’’

‘‘दुसऱ्या दिवशीचे पैसे?’’

‘‘नाही रे. पट्टी आदल्या दिवशीच भरली होती ना.’’