काचेच्या कापडाचे विमान

महाराष्ट्रात घरी बांधलेल्या विमानाचा विषय निघाला की कॅप्टन अमोल यादव यांचे नाव पहिले येते, आणि ते रास्तच आहे. कांदिवलीला चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभे केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, आणि उड्डाणाचा परवाना हाती पडायला ऑक्टोबर २०१९ उजाडले. या माणसाच्या चिकाटीपुढे मी मनापासून नतमस्तक आहे.

पण ते विमान धातूचे. जुन्या जालन्यातल्या एखाद्या वाड्यात कुणी हे वेड घेतले, तर त्याने काचेच्या कापडाचा आणि इपॉक्सीचाही विचार करावा. कुंडलिकेकाठचे हे गाव सळईचे. इथे फोमच्या पंखांची गोष्ट नवलाची वाटेल. तरी अमेरिकेत बर्ट रुटान यांनी १९७५ मध्ये ‘व्हॅरीईझी’ आणि १९७९ मध्ये ‘लाँग-ईझी’ अशीच उडवली. ना साचा, ना मोठे यंत्र. तापलेल्या तारेने फोमचा ठोकळा पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर काचेचे कापड अंथरायचे, राळ मुरवायची, जास्तीची निपटून काढायची. त्यांच्याच ‘व्हॉयेजर’ने डिसेंबर १९८६ मध्ये वाटेत न उतरता, इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, ते मात्र कार्बन फायबरचे होते.

आपल्याकडे टाक्या आणि कूलरची फायबरची कामे करणारे कसबी हात आहेत. अडचण अशी की ते पॉलिस्टर राळ वापरतात. तिच्यातला स्टायरीन पंखाचा पॉलिस्टायरीन फोम विरघळवून टाकतो. म्हणून इथे इपॉक्सीच हवी. सवयही बदलावी लागते. पॉलिस्टरमध्ये हार्डनर थोडा कमी-जास्त करून वाळण्याचा वेग सांभाळता येतो. इपॉक्सीत तसे केले तर ती कधीच पुरती घट्ट होत नाही. तिथे प्रमाण काट्यावर तोलूनच घ्यावे लागते. मोठ्या डब्यात एकदम कालवली तर ती आपल्याच उष्णतेने धुमसू लागते.

राळेला मानवते ते साधारण पंचवीस अंशांचे हवामान. मराठवाड्याच्या मे महिन्यात ती कापडात मुरण्याआधीच आवळते, पावसाळ्यात दमटपणाने वर चिकट थर धरतो. जालन्यात कामाचा हंगाम दिवाळीनंतरचा, तोही दिवसा उजेडी. रंग पांढराच: खोलीच्या तापमानात घट्ट झालेली इपॉक्सी फार तापली की मऊ पडते, आणि गडद रंगाचा पंख आपल्या उन्हात धोक्याच्या पातळीला पोहोचू शकतो.

माझी खरी काळजी पुढेच आहे. रिव्हेटची ओळ नंतरही तपासता येते. कापडाच्या थरांत अडकलेली हवा किंवा कोरडा राहिलेला पट्टा रंगाखाली झाकला जातो. ठोकून ऐकले तर काही दोष कळतात, सगळे नाहीत. म्हणून प्रत्येक थराची तारीख, खोलीचे तापमान, राळेचा बॅच क्रमांक वहीत हवा, थर ओला असतानाचा फोटो हवा. त्याच मिश्रणातला एक तुकडा वेगळा घट्ट करून मोडून पाहावा, आणि क्रमांक घालून जपावा. विमान वाहतूक महासंचालनालयाचा तपासनीस दारात येईल तेव्हा पंख कापून दाखवता येणार नाही. वही आणि ते तुकडे दाखवता येतील.