चैत्रात फुगणाऱ्या, दिवाळीनंतर बसणाऱ्या

घामाला वास का येतो, हे या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते थांबू द्या. घामोळ्यांवरचा मागचा भाग वाचून अकोल्याहून एका बाईंचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही. बाई पोळी-भाजी केंद्र चालवतात, सकाळपासून दुपारपर्यंत तव्यापुढे. डोळ्यांखाली आणि गालांवर बारीक, निळसर झाक असलेल्या पुटकुळ्या आहेत. दुखत नाहीत, खाजत नाहीत. चैत्रात फुगतात, दिवाळीनंतर बसतात. शेजारणीने रांजणवाडी समजून लवंग उगाळून लावायला सांगितली, त्याने कातडी तेवढी भाजली. ‘ही घामोळीच का?’ असं त्या विचारतात.

पत्रावरून निदान करायचं नसतं. पण ‘चैत्रात फुगतात’ हे वाचल्यावर मला आठवला तो अँड्र्यू रॉबिन्सन. न्यूयॉर्कच्या या त्वचारोगतज्ज्ञाने १८९३ साली अशाच गाठींचं वर्णन केलं आणि नाव दिलं हायड्रोसिस्टोमा. त्याच्या रुग्ण होत्या मध्यमवयीन बायका, धुणी धुणाऱ्या, वाफेत आणि उष्म्यात राबणाऱ्या. सव्वाशे वर्षं उलटली, तरी या गाठी चुलीपुढच्या बाईला शोधत येतातच.

घामोळ्यांत घामाची नळी तुंबते आणि घाम आजूबाजूच्या कातडीत झिरपतो, म्हणून ती चुणचुणतात. इथे घाम नळीबाहेर पडतच नाही, नळीच फुगून तिची पिशवी होते. भिंत पेशींच्या जेमतेम दोन थरांची, आत स्वच्छ पाणी. आकार एक ते सहा मिलिमीटर. घाम वाढला की पिशवी टम्म, घाम कमी झाला की ती आक्रसते. पाणी स्वच्छ, मग गाठ निळी का? आकाश निळं दिसतं त्याच न्यायाने: प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतो.

म्हणूनच मला वाटतं, इथे भिंगाआधी कॅलेंडर बघावं. डोळ्यांभोवती अशाच दिसणाऱ्या दुसऱ्या बारीक गाठींपैकी मिलिया पांढरे आणि टणक, सिरिंगोमा भरीव. ऋतू बदलला म्हणून दोन्ही फुगत-बसत नाहीत. ‘थंडीत कमी होतात का?’ या फुकटच्या प्रश्नाने निम्मं काम होतं. घाईच्या ओपीडीत नेमका तोच राहून जातो.

याच नावाची दुसरी गाठ मात्र ऋतूला जुमानत नाही. ती बहुधा एकटीच असते, पापणीच्या कडेला, कधी सेंटिमीटरभर मोठी. ती होते मोलच्या ग्रंथींपासून. याकोब मोल हा १९व्या शतकातला डच नेत्रतज्ज्ञ. पापणीच्या केसांच्या मुळाशी असलेल्या या ग्रंथींना त्याचं नाव आहे. हिच्यातलं पाणी कधी तपकिरी असतं, त्यामुळे गाठ काळपट दिसते आणि कर्करोगाची शंका येते. गाठ निरुपद्रवीच, पण पापणीवरची गाठ वाढत असेल, तिच्यातून रक्त येत असेल किंवा तिथले केस गळत असतील, तर डॉक्टरांनी ती काढून तपासायलाच हवी.

उपचाराचं थोडक्यात. सुईने टोचलं की पाणी जातं, पिशवी राहते, आणि ती पुन्हा भरते. घरी टोचणं तर नकोच. एकटी गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. चेहराभर असतील तर लेझर किंवा बोटॉक्सचं इंजेक्शन. बोटॉक्स घामाच्या ग्रंथींना येणारा निरोपच अडवतं, पण काही महिन्यांपुरतं. अॅट्रोपिनचं मलमही वापरतात, मात्र ते डोळ्यात गेलं तर बाहुली विस्फारते आणि तव्यावरची पोळी धूसर दिसायला लागते. बाईंनी एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं, आणि त्याआधी तव्यामागच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवून घ्यावा.

वासाचं आता पुढच्या आठवड्यात. मोलच्या ग्रंथी काखेतल्या वासवाल्या ग्रंथींच्याच कुळातल्या आहेत, तेव्हा वाट अगदीच सोडलेली नाही.