गोठलेल्या बायकोचा नवरा

बॅटमनच्या शत्रूंमध्ये मिस्टर फ्रीझ बराच काळ लिंबूटिंबूच होता. १९५९ साली कॉमिकमध्ये तो अवतरला तो 'मिस्टर झीरो' या नावानं. उबेत जगता येत नाही म्हणून खास पोशाख घालणारा आणि बर्फाच्या बंदुकीनं हिरे लुटणारा एक चोर, एवढीच त्याची ओळख. १९६६च्या टीव्ही मालिकेत त्याचा 'फ्रीझ' झाला. जॉर्ज सँडर्स, ओटो प्रेमिंजर आणि इलाय वॉलक अशा तिघांनी तो आळीपाळीनं साकारला. चेहरे बदलले तरी कुणाचं काही अडलं नाही, कारण या माणसाला भूतकाळच नव्हता.

तो मिळाला १९९२च्या अ‍ॅनिमेटेड मालिकेत. पॉल डिनी यांनी लिहिलेला आणि ब्रूस टिम यांनी दिग्दर्शित केलेला 'हार्ट ऑफ आइस' हा भाग जेमतेम बावीस मिनिटांचा आहे आणि लेखनासाठी त्याला एमी पुरस्कार मिळाला. इथं फ्रीझ म्हणजे व्हिक्टर फ्राइज हा शास्त्रज्ञ. बायको नोरा जीवघेण्या आजारात सापडलेली. औषध सापडेपर्यंत ती टिकावी म्हणून त्यानं तिला गोठवून ठेवलंय.

हे सगळं आपल्याला कळतं एका जुन्या टेपमधून, आणि त्या प्रसंगाची बांधणी बघण्यासारखी आहे. व्हिक्टर जिथं काम करायचा त्या कंपनीत बॅटमन चोरून शिरतो आणि टेप लावतो. पडद्यावर कंपनीचा मालक फेरिस बॉइल माणसं घेऊन प्रयोगशाळेत घुसतो. खर्चाचं कारण पुढे करून नोराचं यंत्र बंद करायला लावतो आणि आडव्या आलेल्या व्हिक्टरला लाथेनं रसायनांत लोटतो. याच बॉइलचा आता मानवतेच्या सेवेबद्दल सत्कार होणार आहे! टेप बघणारा बॅटमन हादरतो आणि त्याच्याबरोबर आपणही. करुणा फ्रीझनं मागितलेली नाही. मायकल अँसारा यांनी दिलेला त्याचा आवाज तर शेवटपर्यंत सपाट, भावना सुकून गेल्यासारखा आहे.

या भागात विनोद नाही असं मात्र नाही. बॅटमनला सर्दी झालीय, त्याचा बटलर आल्फ्रेड त्याला थर्मासमधून गरम सूप देतो आणि शेवटी त्याच सुपानं फ्रीझच्या शिरस्त्राणाची काच तडकते. हसू येतं, पण नायकाच्या शिंकांवर. फ्रीझच्या दुःखाला कुणी बोट लावत नाही.

पाच वर्षांनी, १९९७ मध्ये, जोएल शूमाकर यांच्या 'बॅटमन अँड रॉबिन'नं हीच कथा उचलली. फ्रीझ झाला अर्नोल्ड श्वार्झनेगर. नोरा टाकीत आहे, नवरा व्याकूळ आहे, इतकंच काय, बॅटमन इथंही जुनी टेप बघतो. पण या टेपमध्ये बॉइल नाही. फ्राइज रसायनांत पडतो तो निव्वळ अपघातानं. माझ्या मते सिनेमा इथंच घसरला, कोट्यांची पाळी नंतरची. अपघाताचा सूड कुणावर घ्यायचा? मग फ्रीझ पोशाख चालवायला हिरे पळवतो, म्हणजे १९५९चा चोर परत येतो, फक्त यावेळी मागे एक बायको जोडलेली. पुढे पॉयझन आयव्ही ही दुसरी खलनायिका नोराचं यंत्र बंद करते आणि आळ बॅटमनवर टाकते, तेव्हा कुठे सुडाला कारण मिळतं. पण तेही खोटं, आणि ते खोटं आहे हे आपल्याला आधीच ठाऊक.

कोट्यांबद्दल काय बोलावं! थंडी, गारठा, बर्फ यांवर जेवढ्या म्हणून करता येतील तेवढ्या सगळ्या श्वार्झनेगरच्या तोंडी आहेत. एका दृश्यात तो पांढऱ्या अस्वलाच्या सपाता घालून गुंडांकडून बर्फाचं गाणं म्हणवून घेतो. दुसरीकडे बायकोसाठी त्याचे डोळे भरून येतात. आधीच्या 'बॅटमन रिटर्न्स'च्या काळोखावर पालक चिडले होते आणि स्टुडिओला खेळण्यांचा धंदा सांभाळायचा होता, त्यामुळे १९६६च्या थट्टेकडे परत जाणं मी समजू शकतो. न समजणारी गोष्ट ही की १९९२ची नोरा तरीही सोबत का घेतली. थट्टाच करायची तर भूतकाळ नसलेला झीरो पुरला असता.

'गॉथम' मालिकेनं २०१६ मध्ये वेगळी वाट धरली. आधीच्या दोन्ही ठिकाणी नोरा टाकीत मुकी. इथं ती बोलते, नवऱ्यानं आपल्यासाठी माणसं मारली हे तिला कळतं, आणि गोठवण्याच्या यंत्राचं नळकांडं मुद्दाम बदलून ती मरण पत्करते. नेथन डॅरोचा व्हिक्टर त्यानंतर तितकासा लक्षात राहत नाही, नोराच राहते.

आणि २०२०च्या 'हार्ली क्विन'मध्ये? ही मालिका शिवराळ, रक्तबंबाळ, सतत टवाळी करणारी. तिथं आल्फ्रेड मोलिनाच्या आवाजातला फ्रीझ स्वतःचं रक्त देऊन नोराला वाचवतो आणि मरतो. आजूबाजूच्या सगळ्यांच्या तोंडी विनोद आहेत. नोराचा विषय निघाला की फ्रीझ मात्र थट्टेला जागा देत नाही आणि लेखकही त्याला तिथं विनोद करायला लावत नाहीत.