घरातील जुना फ्यूज-फलक

१९४७ च्या फाळणीनंतर दिल्लीत लाजपतनगर, पटेलनगर यांसारख्या वसाहती निर्वासितांसाठी वसविण्यात आल्या. त्या काळी घरात वीज लागे ती मुख्यतः दिवे व पंखे यांपुरती. अशा घरात आजही लाकडी फळीवर चिनी मातीचे फ्यूज आढळल्यास ते अवश्य तपासून घ्यावेत. वातानुकूलन यंत्राचा भार त्या फळीने गृहीत धरलेलाच नाही.

प्रवाह मर्यादेबाहेर गेला की फ्यूजची बारीक तार वितळते व मंडल तुटते. ती वारंवार वितळते म्हणून जाड तार बसविली, की तापण्याची पाळी भिंतीतील तारांवर येते. हा खटाटोप घरोघर चालतो.

याहून फसवा दोष म्हणजे न्यूट्रल तारेतही फ्यूज असणे. तो वितळताच दिवा विझतो. परंतु फेज तारेचा २३० व्होल्टचा दाब दिव्याच्या खोबणीपर्यंत कायम राहतो. अंधार पाहून निर्धास्तपणे हात घालणाऱ्याचा प्राण जाऊ शकतो. एकाच मंडलास फ्यूजची जोडी दिसल्यास ही शंका घ्यावी.

नव्या पेटीत एमसीबी अतिप्रवाह तोडतो. आरसीसीबी जाणारा व परतणारा प्रवाह ताडून पाहतो. घरगुती उपयोगासाठी तो ३० मिलिअँपिअरचा घेतात. परंतु तारांचे रबरी वेष्टन तडकले असेल, तर केवळ पेटी बदलणे व्यर्थ होय. तारांसह सारे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करवावे. मुख्य खटका बंद केला, तरी मीटरकडून येणारी तार जिवंतच असते.