समुद्राने ठरवलेला उतार

12 ऑगस्ट 1812 रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, प्लिमथच्या खाडीच्या तोंडाशी, चुनखडीचा पहिला धोंडा पाण्यात सोडला गेला. लाटरोधक भिंतीचं काम सुरू झालं आणि जवळपास तीस वर्षं चाललं. डागडुजी मात्र आजतागायत थांबलेली नाही.

टेमार आणि प्लिम या नद्या जिथे समुद्राला मिळतात तिथली ही खाडी खोल आणि ऐसपैस आहे, पण दक्षिणेला सताड उघडी. नैर्ऋत्येचं वादळ उठलं की नांगर तुटून जहाजं खडकांवर जात. नेपोलियनशी युद्ध चालू असताना ब्रिटिश आरमाराला हे परवडणारं नव्हतं. 1806 मध्ये जॉन रेनी हा इंजिनिअर आणि जोसेफ व्हिडबी हा कॅप्टन व्हँकुव्हरच्या सागरी मोहिमेत मुरलेला दर्यावर्दी, या दोघांनी पाहणी करून तोडगा सुचवला. भिंत कोणत्याही किनाऱ्याला जोडायची नाही. खाडीच्या मधोमध, पाण्याखालच्या खडकांच्या रांगेवर ती उभी करायची आणि दोन्ही टोकांना वाट मोकळी सोडायची, म्हणजे भरती-ओहोटीचा प्रवाह वाहता राहील आणि बंदर गाळाने भरणार नाही. मला या आराखड्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच वाटते. मधला भाग 1,000 यार्डांचा, दोन्ही बाजूंना आत वळलेले 350 यार्डांचे हात. एकूण लांबी दीड किलोमीटरहून थोडी जास्त.

दगड जवळच्या ओरेस्टनच्या खाणीतून येई. त्यासाठी बांधलेल्या जहाजांच्या पोटात रूळ होते. धोंडे लादलेल्या गाड्या मागच्या दारातून आत ढकलायच्या आणि ठरल्या जागी त्याच दारातून एकेक धोंडा समुद्रात सोडायचा. रचाई अशी नव्हतीच. लहानमोठे दगड मिसळून टाकायचे, मोठ्यांमधल्या फटी लहान दगड भरून काढतील, हा रेनीचा हिशेब. दगड ओहोटीच्या पाण्यावर दिसू लागले तसा आतल्या जहाजांना आडोसाही मिळू लागला.

समुद्राकडच्या बाजूचा उतार 3:1 ठरला होता, म्हणजे तीन फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ. जानेवारी 1817 मध्ये मोठं वादळ झालं. भिंत फुटली नाही. लाटांनी वरचे धोंडे उचलून आतल्या अंगाला फेकले आणि बाहेरचा उतार घासून 5:1 करून टाकला. पुढच्या बांधकामात पुन्हा 3:1 चाच आग्रह धरला गेला. नोव्हेंबर 1824 च्या वादळाने शेकडो यार्ड लांबीवर परत तोच 5:1 चा उतार करून दाखवला. कारण साधं आहे. ओहोटीच्या रेषेपासून वर लाट फुटते, तिथेच तिचा जोर सर्वांत जास्त. चढ उभा असेल तर तो सगळा जोर दगडावर बसतो; पसरट असेल तर लाट चढता चढताच दमते. खोल पाण्यातले दगड मात्र बऱ्याच उभ्या उतारावरही टिकतात. 1824 नंतर इंजिनिअरांनी समुद्राचं ऐकलं. रेनी तेव्हा हयात नव्हता. त्याच्या मुलाने काम पुढे नेलं. 5:1 कायम झाला, माथ्यावर आणि उतारावर घडीव दगडांची फरसबंदी झाली, आणि 1841 च्या सुमारास भिंत पूर्ण झाल्याचं मानलं गेलं. सुमारे 40 लाख टन दगड आणि 15 लाख पौंड खर्ची पडले होते. 1844 मध्ये पश्चिम टोकावर दीपगृह उजळलं. पूर्व टोकाच्या खांबावर पिंजरा बसवला, बुडत्या जहाजावरच्या सहा खलाशांनी चढून जीव वाचवावा म्हणून.

आता झीज. चुनखडीत बिळं करून राहणारे शिंपले या दगडांना एकोणिसाव्या शतकातच लागले होते. वरून लाटा, आतून हे जीव. म्हणून पुढच्या काळात समुद्राकडच्या पायथ्याशी शंभर-शंभर टनांचे काँक्रीटचे ठोकळे टाकले जाऊ लागले. लाट आधी त्यांच्यावर फुटते. हे ठोकळेही झिजतात, खचतात, आणि त्यांच्या जागी नवे टाकावे लागतात. ही भिंत टिकली ती मजबूत होती एवढ्यामुळे नव्हे. दर पिढीत कुणीतरी तिच्यासाठी पैसा, माणसं आणि बोटी राखून ठेवल्या म्हणून.

कोकणातले धूपप्रतिबंधक बंधारे याच कसोटीवर तपासायला हवेत. काळ्या दगडाचा बंधारा पावसाळ्याच्या उधाणात खचला की निकृष्ट कामाची ओरड होते, कधी ती खरीही असते. पण सुट्या दगडांचं बांधकाम पहिल्या काही पावसाळ्यांत हलणारच. ते कुठे हललं, किती हललं, हे मोजून पुढचा दगड टाकायचा असतो. तुमच्या गावच्या किनाऱ्यावर बंधारा मंजूर झाला, तर ग्रामसभेत त्याची लांबी जरूर विचारा; आणि त्याच बैठकीत दरवर्षीच्या दुरुस्तीसाठी किती रक्कम ठेवली आहे, तेही विचारा.