पन्नास मिनिटांचा तास

सकाळी ९.१५. चिंचवड स्टेशनजवळ, दातांच्या दवाखान्यामागची खोली. भाडं तासाला दीडशे. विवाह समुपदेशक मॅडम स्वतःच केर काढतात. तिन्ही खुर्च्या एकाच उंचीच्या. एक जरी उंच असली तरी नवरा नेमकी तीच धरतो, असा त्यांचा अनुभव. टिश्यूचा डबा दोघांच्या मधोमध. बाहेर पाटी नाही. ओळखीचं कुणी भेटलंच, तर ‘दात दाखवायला आलोय’ म्हणता येतं.

९.४०. पिंपरीहून एका काकूंचा फोन. मुलगा-सुनेचं पटत नाही. मॅडमचा नंबर भिशीत मिळाला. हे नंबर असेच फिरतात, हलक्या आवाजात.

‘‘चांगलं कोण, कसं ओळखायचं हो?’’

‘‘काकू, समुपदेशक म्हणून पाटी कुणीही लावतं. काय शिकलात, कुठे शिकलात, ते सरळ विचारायचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणाले, तर रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागायचा. औषधं द्यायची तर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरच. आणि पुढचा फोन सुनेला नाहीतर मुलाला करू दे.’’

हे शेवटचं काकूंना आवडलेलं नाही.

१०.३०. कुणी नाही. १०.५० ला मेसेज : ‘सॉरी मॅडम, पाहुणे आलेत.’ भाडं चालूच.

१२.००. एकटी बाई. पॅकिंगच्या कामाला जाते. तिला पाचशेच, बाकीच्यांना हजार. नवरा यायला तयार नाही. एकटं माणूस समोर असलं की मॅडमचा एक प्रश्न ठरलेला : ‘‘हात उचलतो का?’’ ‘हो’ आलं, तर त्या दोघांना एकत्र बसवत नाहीत. १८१ हा हेल्पलाइन नंबर आणि पोलिसांच्या भरोसा सेलचा पत्ता देतात. आज उत्तर ‘नाही’. भांडण पगार कुणाच्या हातात द्यायचा, याचं.

२.००. डबा. मग ज्येष्ठ समुपदेशक बाईंना फोन. नावं न घेता, अडलेल्या केसबद्दल. याचे महिन्याला दीड हजार.

४.३०. चाकणची पहिली पाळी सुटली. नवरा कंपनीच्याच शर्टात, बायको मागून रिक्षाने. मॅडम मोठ्या कागदावर तीन पिढ्या मांडतात. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, जिथे वाजतं तिथे नागमोडी रेघ. सासऱ्यांच्या चौकोनाशी पेन्सिल थांबते. त्यांच्या कर्जाचा नऊ हजारांचा हप्ता नवरा दोन वर्षं गुपचूप भरतोय.

‘‘मॅडम, तुम्हीच सांगा, चूक कुणाची?’’

‘‘निवाड्याला कोर्ट आहे. तिथेसुद्धा आधी समुपदेशकाकडेच पाठवतात. ती आत्ता काय म्हणाली, ते सांगा बघू.’’

तो स्वतःचंच सांगतो. पुन्हा. पुन्हा स्वतःचंच. तिसऱ्यांदा अडखळत म्हणतो, ‘‘पैशांचं नाही... मला विचारलं नाही, असं म्हणाली.’’ बायको पदर सावरून बसते. आजचं काम एवढंच. मला ते बरंच वाटलं.

६.००. लग्न ठरलेलं जोडपं. अजून हसतंय.

८.००. घरून ऑनलाइन. हिंजवडीचे दोघं पार्किंगमध्ये, गाडीत बसून बोलतात. वर टू-बीएचकेत आई-बाबा.

९.१५. वही. जमा ३,५००. खोली ६००, पेट्रोल १००, चहा ७०. उरले २,७३०. न आलेल्या जोडप्याच्या तासाचे दीडशे त्या सहाशेतच आहेत.