इमानी स्मृतीचा स्फटिक

वीज गेली की घरातला दिवा तत्काळ मालवतो. परंतु जिन्याखालच्या इलेक्ट्रॉनिक वीजमीटरला त्या क्षणीही आपले कर्तव्य टाळता येत नाही. पुरवठा तुटल्यावर त्याच्या कपॅसिटरमध्ये जी तुटपुंजी वीज शिल्लक उरते, तेवढ्यावर भागवून त्याला अखेरच्या क्षणापर्यंतच्या वापराची नोंद कायम करावी लागते. कारण ती राहिली, तर पुढच्या सर्व हिशेबात तफावत पडणार हे निश्चित. दूरच्या कचेरीशी बिनतारी संदेशांनी जोडलेला मीटर, कारखान्यातील नियंत्रक, मोटारीतील अपघाताचा तपशील टिपणारी पेटी, अशा उपकरणांच्या गरजेला जी पुरी पडते, ती फेरोइलेक्ट्रिक स्मृती, व्यवहारात जिला एफ-रॅम म्हणतात, तिचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

तिचे बीज फार जुने आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जोसेफ व्हालासेक यांना १९२० साली रोशेल क्षाराच्या स्फटिकात असे आढळले, की बाहेरचे विद्युत्‌क्षेत्र काढून घेतल्यावरही त्यातील विद्युत्‌ध्रुवांची दिशा कायम राहते, आणि उलट क्षेत्र लावल्यास ती पालटते. या गुणाचा अंक साठविण्याकडे उपयोग करता येईल, हा विचार मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील डडली बक यांनी १९५२ च्या आपल्या प्रबंधात मांडला. मात्र तो बाजारात उतरायला दीर्घ काळ जावा लागला. कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे १९८४ साली स्थापन झालेल्या रॅमट्रॉन कंपनीने हे काम चिकाटीने तडीस नेले. जपानच्या फुजित्सूने १९९९ पासून मोठ्या प्रमाणावर उत्पादन आरंभिले. आणि रॅमट्रॉनचा वारसा २०१२ मध्ये सायप्रसकडे व २०२० मध्ये जर्मनीच्या इन्फिनिऑनकडे गेला.

हिचे मर्म एका अणूच्या स्थानांतरात आहे. शिसे, झिर्कोनियम, टायटॅनियम आणि प्राणवायू यांच्या संयुगाचा अतिसूक्ष्म थर दोन विद्युदग्रांमध्ये बसविलेला असतो. त्याच्या स्फटिकरचनेत मधल्या झिर्कोनियम वा टायटॅनियमच्या अणूला स्थिर राहण्यास दोन जागा असतात, एक किंचित वर, दुसरी किंचित खाली. क्षेत्र लावताच अणू सरकतो आणि क्षेत्र गेले तरी तेथेच राहतो. हाच शून्याचा आणि एकाचा भेद. वाचताना मात्र अणूला ढकलूनच त्याची जागा ताडावी लागत असल्याने मूळ नोंद पुसली जाते, आणि वाचल्याबरोबर ती पुन्हा लिहावी लागते. हा खटाटोप नवा नव्हे: मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक संगणकाची स्मृती फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची होती, आणि तेथेही वाचलेले पुन्हा लिहिण्याचीच रीत होती.

फ्लॅश आणि ईईप्रॉम या परिचित स्मृतींचा मार्ग निराळा. त्यांत उच्च विद्युतदाबाने इलेक्ट्रॉन निरोधक थरातून पलीकडे लोटून कोंडले जातात. त्या धक्क्यांनी थर क्रमाक्रमाने जर्जर होतो. सर्वसाधारण ईईप्रॉमला एकेका लेखनास सुमारे ५ मिलिसेकंद लागतात आणि तिचा एक कप्पा साधारणतः १० लाख लेखने सोसतो. आकडा भव्य वाटतो. पण एकाच कप्प्यात दर सेकंदाला नोंद करीत गेल्यास तो बाराव्या दिवशीच संपतो. म्हणून नोंदी आळीपाळीने निरनिराळ्या कप्प्यांत वाटण्याची युक्ती योजावी लागते. एफ-रॅमचे लेखन मात्र संदेश येतो त्याच वेगाने पुरे होते, आणि काही चिपांची सहनशक्ती १०० लाख कोटी वेळांची सांगितली जाते. त्याच हिशेबाने ती तीस लाखांहून अधिक वर्षे पुरेल. दुपारी घडलेला व्यवहार दुपारीच रोजकीर्दीत चढविणाऱ्या कारकुनासारखी ती आहे. तिच्यापाशी ‘मागाहून लिहू’ असा प्रकार नाही.

तथापि गुणांबरोबर मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. तिची धारणशक्ती फ्लॅशच्या मानाने अगदीच बेताची, लाखो अक्षरांच्या घरातली. दर अक्षरामागे किंमतही अधिक. चिपेला सर्किटच्या पाटीवर डाख देतानाच्या उष्णतेत आधी लिहिलेली नोंद टिकेल याची हमी उत्पादक देत नाहीत, म्हणून मजकूर डाख दिल्यानंतरच भरावा लागतो. शिशाच्या संयुगाचा थर नेहमीच्या चिप-कारखान्यांना पचनी पडणे कठीण जाते; या बाबतीत २०११ साली जर्मन संशोधकांनी हाफ्नियम ऑक्साइडमध्ये दाखविलेला तोच गुणधर्म अधिक आशादायक आहे, कारण तो पदार्थ त्या कारखान्यांच्या आधीपासून परिचयाचा आहे.

छायाचित्रांचे भांडार भरावयाचे असेल, तर फ्लॅशच उत्तम. परंतु जेथे थोडक्या मजकुराची सतत आणि अखेरच्या क्षणापर्यंत नोंद हवी, तेथे हिला तोड सापडणे कठीण. म्हणून जोडलेल्या उपकरणांची खरेदी ज्यांच्या हाती आहे, त्यांनी ‘किती साठवते’ एवढेच विचारून थांबू नये. वीज जाताना कोणती नोंद टिकते आणि एकच नोंद किती वेळा बदलता येते, हेही विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.